चाकू कुणाचा, दार कुणाचे?

गेल्या अंकात दारावरच्या तपासणीत बॅगा का अडकतात यावर लिहिले, तर उत्तरादाखल आलेल्या पत्रांत बॅगांपेक्षा चाकूच जास्त निघाले. किल्ल्यांच्या जुडग्यातला, कलमे बांधायचा, सुपारी कातरायचा, आंबे सोलायचा. गोव्याच्या माणसाच्या खिशात नाहीतर पिशवीत धारेचे काहीतरी असतेच, हे मी दाबोळी विमानतळावर वर्दीत असल्यापासून बघत आले आहे. माझी बरीचशी नोकरी तिथे बायकांच्या तपासणीच्या पडद्यामागे गेली. आता एका हॉटेलच्या दारावरच्या पोरांना शिकवते. म्हणजे माझी उत्तरे दाराच्या आतल्या बाजूची आहेत, तेवढे ध्यानात धरून वाचा.

प्रश्न : मी कृषी खात्यातून निवृत्त झालो. बोटाएवढा घडीचा चाकू माझ्या किल्ल्यांबरोबर कायम असतो. कलम, सुतळी, पाकीट, मानकुराद आंबा, सगळ्याला तोच. पणजीतल्या एका इमारतीत कामाला गेलो असता दारावरच्या रखवालदाराने तो काढून घेतला. वर म्हणाला, ‘हे बाळगणे गुन्हा आहे, पोलिसांना बोलावू का?’ काम आटोपून खाली आलो तर दारावर दुसराच माणूस, आणि चाकूचा पत्ता नाही. हा खरेच गुन्हा आहे का? आणि माझा चाकू गेला तो गेलाच समजायचा का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : भाऊ, गुन्हा नाही. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या लेखी शस्त्र म्हणजे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली वस्तू. निव्वळ घरात नाहीतर शेतात वापरायच्या वस्तू कायद्याने त्यातून बाहेर काढल्या आहेत. लाठी आणि फिरायला जायची साधी काठी यांचा तर नाव घेऊन उल्लेख आहे. पुढे २०१६ च्या नियमांत धारेच्या शस्त्रांची यादी येते. तलवार, खंजीर, भाला यांच्या पंगतीत तिथे चाकूही बसवला आहे, पण ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा. आणि तोही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेला असेल तर यादीबाहेर. नारळ पाडणारा पाडेली कमरेला कोयता लावून भर रस्त्याने जातो आणि त्याला कुणी परवाना विचारत नाही, ते यामुळेच. तुमच्या चाकूचे पाते दोन इंच भरले तरी पुष्कळ.

दोन ठिकाणी मात्र सांभाळा. निवडणूक असली किंवा कुठे तणाव असला की जिल्हाधिकारी जमावबंदीचा आणि शस्त्रबंदीचा आदेश काढतात. पूर्वी तो १४४ कलमाखाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली निघतो. अशा दिवसांत माझा चाकू किती इंचांचा यावर पोलिसाशी वाद घालायला जाऊ नये. दुसरे, सगळ्या राज्यांत एकच मोजपट्टी नाही. दिल्लीत १९८० ची एक अधिसूचना आहे. बटणाचे, खटक्याचे, गरारीचे (दातेरी चक्राचे) चाकू ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीला पोचले की तिथे ते विनापरवाना बाळगता येत नाहीत. म्हणजे कधी दिल्लीला जाताना म्हापशाच्या बाजारात घेतलेला खटक्याचा चाकू घरीच ठेवलेला बरा. खरे तर खटक्याचा चाकू मला इथेही आवडत नाही. आंबा कापायला खटका कशाला लागतो?

आता दाराचे. चाकू गुन्हा नाही म्हणजे तो आत नेण्याचा तुम्हाला हक्क आहे, असे नाही. पुष्कळांचा घोटाळा होतो तो इथेच. इमारत ज्याची, आत काय येईल हे तो ठरवणार. त्याने ‘नेलकटरही नको’ म्हटले तर नेलकटर बाहेर. पण दारावरचा रखवालदार पोलिस नव्हे. खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे, त्याखाली एजन्सीला परवाना मिळतो. पण तेवढ्याने तिच्या माणसाला झडतीचा किंवा जप्तीचा अधिकार मिळत नाही. तो तुम्हाला विचारू शकतो, तुमच्या संमतीने बॅग बघू शकतो, आणि तुम्ही नाही म्हणालात तर ‘मग आत सोडत नाही’ एवढे सांगू शकतो. तुमच्या खिशात त्याने हात घालायचा नाही. तुमची वस्तू घेतली तर ती ठेव म्हणून घेतली, आणि ठेव सांभाळून परत करायची असते. १८७२ च्या करार कायद्यात हे लिहिले आहे. चाकूची किंमत शंभर रुपये आहे की हजार, याने त्यात फरक पडत नाही.

तेव्हा त्या इमारतीच्या व्यवस्थापकाला पत्र लिहा. रखवालदाराला नको, तो बिचारा उद्या दुसऱ्या दारावर असेल. तारीख, वेळ, कुठले दार, चाकूचे वर्णन, आणि परत आलात तेव्हा काय उत्तर मिळाले ते. दारावर कॅमेरा असतो. त्याचे चित्रण थोड्या दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवा अशी विनंती त्याच पत्रात करा आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. चाकू मिळेल असे वचन मी देत नाही. पण पोच घेतलेले पत्र आले की टेबलाच्या खणात पडलेल्या वस्तू सापडायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या. मुंडकाराच्या (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) जुन्या दाव्यात साक्षीला त्यांना न्यायालयात नेले. दारावर त्यांच्या पानपेटीतला पितळेचा अडकित्ता अडवला. सासूबाई इतक्या दुखावल्या की ‘मी काय दरोडेखोर?’ म्हणून बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. पुढची तारीख जवळ आली आहे. अडकित्ता आत नेण्याची काही सोय आहे का? – एक वाचक, सावईवेरे

उत्तर : नाही हो, सोय नाही. आणि असू नये असे माझे मत आहे. न्यायालयात दोन्ही बाजूंचे लोक एकाच बाकावर बसतात, वर्षानुवर्षे एकमेकांवर डोळे वटारून. तिथे दारावर पोलिस असतो आणि त्याला ‘ह्या आजी आहेत, ह्यांना सोडा’ असे करायची मुभा नाही. आज आजींना सोडले तर उद्या आजींच्या पुतण्याला कसे अडवणार?

तरी सासूबाईंना राग का आला, ते मला समजते. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जन्म गेलेल्या बाईला अडकित्ता म्हणजे हत्यार वाटतच नाही. माझ्या आजीचा होता तो मोराच्या आकाराचा. मोराच्या मानेखाली पाते, चोचीपाशी खिळा, पिसाऱ्याच्या दोन मुठी. सुपारी धरायची ती खालच्या बोथट बाजूवर, पाते फक्त वर. ती बोलता बोलता न बघता कातरायची, आणि खाप पडायची ती कागदासारखी. बोट कापलेले मी कधी बघितले नाही.

पण यंत्राला मोर दिसत नाही. क्ष-किरणांच्या पडद्यावर कपडे, कागद, पाने, सुपारी हे सगळे नारिंगी दिसते, हलके पदार्थ म्हणून. धातू निळा दिसतो, आणि फार जाड असला, किरण पार जाईनात, की काळा. मधले सगळे हिरवट. पितळेचा अडकित्ता पडद्यावर येतो तो निळाकाळा, दोन मुठी, मध्ये खिळा आणि एका बाजूला पात्याची सरळ कड. यंत्रावर बसलेल्या मुलीला पक्कड, कात्री, छाटणीची कात्री आणि अडकित्ता यांत फरक करायला काही सेकंदच मिळतात, आणि मागे रांग. ती बॅग थांबवणारच. तिने थांबवली नसती तर मी तिला रागावले असते.

उपाय सोपा आहे. पुढच्या तारखेला सकाळी घरीच सुपारी कातरून डबीत भरा. कात आणि तंबाखू असेल तर वेगळ्या पुड्या. चुन्याची डबी वर ठेवा, दारावर उघडून दाखवायला सांगतात. अडकित्ता घरी, देवघराच्या खाली. दात नाहीत म्हणून सुपारी तिथल्या तिथे अगदी बारीक करून हवी असेल, तर लहानसा लाकडी खलबत्ता न्या. माझ्या सासूबाई तोच वापरायच्या आणि तो कधी अडला नाही. शंका असली तर दारावरच्या पोलिसाला आधी नेऊन दाखवा. आणि सासूबाईंना सांगा, आत गेल्यावर पान खायचे नाहीच आहे. न्यायालयाच्या जिन्याचे कोपरे बघितले आहेत ना?

एक सूचना त्या बाकाबद्दल. साक्षीदाराने रागाने बाहेर बसून राहणे दाव्याला परवडणारे नाही. पुकारा झाला आणि माणूस जागेवर नसला तर पुढची तारीख पडते, आणि ती तारीख तुमच्या सोयीची नसते. दारावर अडले तर अडकित्ता गाडीत नाहीतर वकिलाच्या कारकुनाकडे, सासूबाई आत.

प्रश्न : मोपा विमानतळावरून पुण्याला निघालो. प्रवासात आंबा कापायला म्हणून लाल रंगाचा छोटा स्विस चाकू खांद्यावरच्या पिशवीत होता. तपासणीत गेला. मुलगा म्हणतो, युरोपात एवढा चाकू विमानात चालतो, तुम्ही भांडायला हवे होते. खरे काय? – एक वाचक, पेडणे

उत्तर : भांडला नाहीत ते बरे केलेत, विमान चुकले असते. मुलाचे बोलणे अर्धे खरे आहे. युरोपीय संघाच्या नियमांत ६ सेंटिमीटरच्या वरची पाती हातातल्या सामानात मना आहेत, त्याहून लहान चालतात. अमेरिकेनेही २०१३ साली ६ सेंटिमीटरच्या आतले घडीचे चाकू सोडायचे जाहीर केले होते. विमानातले कर्मचारी आणि इतर मंडळी एवढी खवळली की काही महिन्यांत, अमलात यायच्या आधीच, तो बेत गुंडाळला. आपल्याकडे नियम करते ते नागरी विमान सुरक्षा ब्युरो, आणि तिथे चाकू हातातल्या सामानात नाही म्हणजे नाही. दाबोळी असो वा मोपा. शीख प्रवाशांच्या कृपाणाला देशांतर्गत विमानात सवलत आहे, तिचेही माप ठरलेले आहे: पाते ६ इंच, एकूण ९ इंच, त्यावर नाही.

तुमचा चाकू बहुधा ५८ मिलिमीटरचा असणार, किल्ल्यांना अडकवायचा. हे लाल चाकू लोकांच्या जिवाला फार लागतात. स्वित्झर्लंडच्या इबाख गावी १८८४ मध्ये कारखाना निघाला, आणि आज आपण स्विस चाकू म्हणतो तो अधिकाऱ्यांचा चाकू १८९७ मध्ये तिथे नोंदवला गेला. २००१ च्या न्यूयॉर्कच्या हल्ल्यांनंतर विमानतळांवरची विक्री बसली आणि कंपनी हादरली. २०२४ मध्ये त्याच घराण्याच्या माणसाने जाहीर केले, की पाते नसलेला चाकू बनवायचे काम चालू आहे. पक्कड, बाटली उघडायचे, स्क्रू फिरवायचे, सगळे असेल, चाकू तेवढा नाही. मला हसू आले, पण दारावर उभे राहून काढलेल्या वर्षांनंतर सांगते, मी तो विकत घेईन.

पुढच्या वेळी काय करायचे ते ऐका. चाकू सामान-कक्षात जाणाऱ्या पेटीत, घडी करून, फडक्यात गुंडाळून. उघड्या पात्याची सुरी असेल तर जाड पुठ्ठा दुमडून चिकटपट्टी लावा, पेटी उघडून बघणाऱ्या माणसाच्या बोटांसाठी. खांद्यावरच्या पिशवीत राहिला आणि आठवला तो टर्मिनलच्या दारातच, तर सोडायला आलेल्या माणसाकडे द्या. तिकीट नसलेला माणूस आत येत नाही, म्हणून ही संधी दारापर्यंतच. आत आल्यावर पण तपासणीच्या आधी आठवला तर विमान कंपनीच्या खिडकीवर परत जा आणि पिशवी सामानात घालता येते का विचारा. वेळ असेल तर घालतात. तपासणीच्या पट्ट्यावर सापडला की पर्याय उरतो तो टाकून देण्याचा. तिथला जवान तो घरी नेत नाही; नेत असेल असा संशय पत्रात आडून आला आहे म्हणून सांगते. टाकलेल्या वस्तूंचा हिशेब ठेवावा लागतो.

आणि एक गैरसमज. चौकटीतून जाताना यंत्र वाजले नाही म्हणजे चाकू ‘पास’ झाला, असे बऱ्याच जणांना वाटते. चौकट चाकू ओळखत नाही, धातू ओळखते. तिच्यातून चुंबकीय क्षेत्राचे ठोके सुटतात. त्यांनी धातूत क्षणभर वीज फिरते आणि तिचा पडसाद चौकटीला कळतो. बाजूचे दिवे लागतात ते कुठल्या उंचीवर धातू आहे ते सांगायला: घोट्यापाशी, कमरेला, छातीला. गुडघ्यात बसवलेला सांधा, पट्ट्याचा बक्कल, चाकू, तिला सगळे सारखे. म्हणूनच मागून हातातले यंत्र घेऊन माणूस उभा असतो.

प्रश्न : मी पर्वरीला हॉटेल व्यवस्थापन शिकतो. सुऱ्यांची गुंडाळी घेऊन रोज कदंबाच्या बसने येतो. तिच्यात दहा इंची सुरीही आहे. पोलिसांनी पकडले तर? – विद्यार्थी, साखळी

उत्तर : तुझी सुरी ९ इंचांच्या वर असली तरी ती स्वयंपाकघरासाठी बनवलेली आहे, म्हणून यादीबाहेर. पण पोलिसाला ते सिद्ध करायची वेळ आणू नकोस. संस्थेचे ओळखपत्र आणि सुऱ्यांची संस्थेने दिलेली यादी गुंडाळीच्या बाहेरच्या खिशात ठेव. गुंडाळी बांधलेली, पात्यांवर खोळी, आणि बसमध्ये ती मांडीवर उघडून मित्रांना दाखवायची नाही. परत जाताना मॉलमध्ये शिरायचे असेल तर गुंडाळी कॉलेजच्या कपाटात ठेवून जा. तिथला रखवालदार तुझ्या शेफच्या टोपीला भुलणार नाही.

प्रश्न : भाचा इंग्लंडमध्ये स्विंडनला कामाला गेला आहे. त्याला वाढदिवसाला चांगला लॉकचा घडीचा चाकू पाठवायचा आहे. तिथे चालेल ना? – एक वाचक, म्हापसे

उत्तर : दुसरे काहीतरी पाठवा. इंग्लंडमध्ये १९८८ चा कायदा आहे. विनाकारण खिशात ठेवता येतो तो फक्त घडीचा, ३ इंचांच्या आतल्या धारेचा चाकू, आणि तोही पाते जागेवर न अडकणारा. लॉक आला की तो घडीचा चाकू धरत नाहीत. मग बाळगायला सबळ कारण द्यावे लागते, आणि ‘मामीने पाठवला’ हे कारण चालणार नाही. काजू पाठवा.

प्रश्न : ताई, मी दोडामार्गचा, पर्वरीत एका मोठ्या इमारतीच्या दारावर उभा असतो. महिना झाला. चाकू काढून ठेवा म्हटले की लोक अंगावर येतात. एक साहेब म्हणाले, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ एकदा एकाचा चाकू हरवला तर माझ्या पगारातून भरायला लावला. चाकू कसा घ्यायचा, कुठे ठेवायचा, काय बोलायचे, मला कुणी शिकवले नाही. कुलूप लागणारी पेटी, टोकन, वही, काहीच दिलेले नाही. – एक रखवालदार

उत्तर : अरे पोरा, ह्या अंकातले सगळ्यात महत्त्वाचे पत्र तुझे. डिचोलीच्या भाऊंचा चाकू जिथे गेला ती फट तुझ्या प्रश्नात आहे.

बोलण्यापासून सुरुवात कर. यंत्राला सापडायच्या आधी तू विचार. ‘नमस्कार, किल्ल्यांना चाकू, पिशवीत सुरी, कात्री असे काही असेल तर इथेच ठेवून टोकन घ्या.’ सगळ्यांना, एकाच आवाजात, साहेबाला आणि झाडूवाल्याला. माणसाने स्वतः काढून दिला की ती वस्तू असते. पिशवीतून तू शोधून काढलास की मागच्या रांगेसमोर त्याची शोभा होते, आणि मग तो तुझ्यावर चिडणार नाही तर काय करणार? विश्वासाची गोष्ट निघाली तर वाद घालू नकोस. ‘साहेब, विश्वास आहे, टोकनही आहे’ एवढे म्हण आणि टोकन पुढे कर. हसून.

चाकू हातातून हातात घ्यायचा नाही. मालकाला सांग, घडी करून मेजावर ठेवा. उघड्या पात्याची सुरी असेल तर मूठ तुझ्याकडे करून, मेजावरच. ती तशीच पेटीत टाकू नकोस, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळ, नाहीतर संध्याकाळी हात घालणारा तूच असशील. लोकांच्या चाकूंची पाती उघडून बघायची सवय पोरांना फार असते, अंगठ्याने टक करून. ती आजच सोड. मालकाला ते आवडत नाही आणि मलाही नाही.

वहीत ‘चाकू १’ असे लिहू नकोस. ‘लाल मूठ, घडीचा, दोन पाती, कडीला पिवळा दोरा’ असे लिही. वेळ लिही. टोकनाचा आकडा चाकूला दोऱ्याने बांध. कुणी टोकन हरवून आला तर चाकू मेजावर काढायच्या आधी वर्णन त्याच्याकडून ऐक, मग सही घेऊन दे.

वस्तू हरवतात त्या तुझ्या पाळीत नाही, पाळी बदलताना. दुपारी दोनला तू घाईत, तुझा जोडीदार पान खात येतो, पेटीत सहा वस्तू, वहीत सात नोंदी, आणि सातवी कुठे गेली हे रात्री कळते. म्हणून पाळी देताना दोघांनी पेटी उघडायची, वही समोर धरायची, एकेक वस्तू मोजायची आणि दोघांनी सही करायची. कंटाळा येईल. येऊ दे. त्या सहीनंतर हरवलेल्या चाकूचे पैसे कुणी तुझ्याकडे मागू शकत नाही.

बायकांच्या पर्सची झडती तू घ्यायची नाही, अंगाची तर मुळीच नाही. दारावर बाई नेमलेली नसेल तर सुपरवायझरकडे लेखी माग. पुरुषाच्याही खिशात हात घालू नकोस, ‘काढून दाखवा’ म्हण. आणि कधी खंजीर निघाला, मोठा खटक्याचा चाकू निघाला, किंवा माणूस प्यालेला आहे आणि चाकूवर हात ठेवून बोलतो आहे, तर ही टोकनाची वेळ नव्हे. त्याच्या हातातून ओढायला जाऊ नकोस. दोन पावले मागे हो, मध्ये मेज राहू दे, इतरांना आत घे आणि ११२ लाव. इमारतीतले खुर्च्याटेबले तुझ्या बोटांपेक्षा स्वस्त आहेत.

राहिला प्रश्न पगाराचा. तुझ्याकडे कुलूप लागणारी पेटी नव्हती, टोकन नव्हते, वही नव्हती, असे तू लिहिले आहेस. मग हरवलेला चाकू तुझा दोष कसा? सुपरवायझरला अर्ज कर: पेटी, दोन किल्ल्या, टोकनांच्या पन्नास जोड्या, वही. अर्जाची प्रत स्वतःकडे ठेव, तीवर तारीख घालून पोच घे. कापलेल्या पैशांचा उल्लेखही त्याच अर्जात कर, रक्कम आणि महिना लिहून. त्यांनी टाळाटाळ केली, किंवा पेटीचे पैसेही तुझ्याकडूनच घ्यायला निघाले, तर अर्जाची प्रत आणि पगाराची पावती घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा, आणि मलाही एक प्रत पाठव.